साहेबांची बाही

साहेब कुठल्याही अर्थाने साहेब नव्हते. बस डेपोतल्या पासाच्या खिडकीमागे बसून त्यांनी सगळी नोकरी काढली, आणि ज्या खुर्चीत पहिल्या दिवशी बसले त्याच खुर्चीतून निवृत्त झाले. मधल्या काळात खुर्चीची गादी तेवढी बदलली. पण डेपोतले ड्रायव्हर, कंडक्टर, झाडूवाली बाई, सगळे त्यांना साहेबच म्हणत. कारण एकच, त्यांचे कपडे. डेपोच्या खऱ्या साहेबांची कॉलर कायम एका कानाकडे झुकलेली असायची. हे मात्र खिडकीत बसले की कोटाचे खांदे असे चापूनचोपून बसलेले, गळ्याशी सुरकुती म्हणून नाही. पास काढायला आलेला माणूस त्यांना बघून रांगेत आपोआप सरळ उभा राहायचा. एकदा वरून तपासणीला आलेला मोठा अधिकारी थेट खिडकीशी गेला आणि यांच्याशीच हात मिळवून कामकाजाची चौकशी करू लागला. खरे साहेब शेजारी उभे राहून घसा खाकरत राहिले. त्या दिवशी ते नाव जे चिकटलं ते चिकटलंच.

आता खरं सांगायचं तर त्यांच्या अंगावरचा एकही कपडा नवा नसायचा, आणि त्यातला एकही त्यांनी स्वतः निवडलेला नसायचा. सगळी करामत बायकोची. ती एका लाँड्रीत दुरुस्तीच्या टेबलावर कामाला होती. लोकांचे फाटलेले खिसे, लोंबणारी अस्तरं, हरवलेली बटणं हे सगळं तिच्याकडे यायचं. लग्नानंतर नवरा पहिल्यांदा कामावर निघाला तेव्हा तिने त्याला दारातच थांबवलं आणि वरपासून खालपर्यंत बघितलं.

"हे असं जाणार तुम्ही?"

"का? काय वाईट आहे?"

"वाईट काही नाही. पण खिडकीतला माणूस कमरेपर्यंतच असतो. तेवढा तरी नीट दिसायला नको का?"

आणि त्याच रविवारी ती त्यांना जुन्या कपड्यांच्या बाजारात घेऊन गेली.

हा बाजार डेपोच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये भरायचा. सकाळी गठ्ठे यायचे, सुतळी कापली की एकेक गठ्ठा जमिनीवर सैल होऊन पसरायचा, आणि शेडभर डांबरगोळ्यांचा आणि अनोळखी कपाटांचा वास सुटायचा. साहेबांना तो वास पहिल्यांदा नको झाला होता. पुढेपुढे रविवार म्हटलं की त्यांना तोच वास आठवायचा. बायकोचा ठरलेला दुकानदार म्हणजे गठ्ठेवाला. बाकीचे विक्रेते ओरडून घसा बसवायचे, हा मात्र स्टुलावर बसून आलेल्या गिऱ्हाइकाला नुसता बघत राहायचा. शेडच्या टोकाला एक रंगारी होता, कोपरापर्यंत निळ्या हातांचा. विटलेला, डागाळलेला कोट निघाला की गठ्ठेवाला तो रंगाऱ्याकडे टाकायचा, आणि रंगारी तो गडद निळा नाहीतर काळा करून परत द्यायचा. त्याच्या पिंपांत दोनच रंग होते. तिसरा मागितला तर त्याला राग यायचा.

बायकोची कपडे बघायची पद्धत वेगळीच होती. ढिगातून कोट ओढला की ती आधी तो उलटा करायची. बगलेतली शिवण ओढून बघायची, खिशाच्या तळाशी बोट घालून भोक शोधायची, कॉलरच्या आतल्या बाजूला नख घासायची. "सुलट बाजूनं सगळेच छान दिसतात हो," असं म्हणत ती कोट साहेबांच्या अंगावर चढवायची. या सगळ्यात साहेबांचं काम एकच, हात पसरून उभं राहायचं. मत विचारण्याची पद्धत नव्हती. "मी म्हणजे घरची खुंटी," असं ते डेपोत सगळ्यांना सांगायचे, पण सांगताना छाती पुढे काढून सांगायचे.

त्यांची खरी अडचण होती हातांची. साहेबांचे हात धडाच्या मानाने आखूड. कुठलाही कोट घाला, खांद्याला बरोबर बसला तर बाही बोटांपर्यंत यायची आणि बाही बरोबर आली तर खांदे आवळायचे. त्यामुळे घरी आलेल्या प्रत्येक कोटाची बाही बायकोला आत घ्यावी लागे. आणि इथे तिचे दोन कडक नियम होते. एक, जास्तीचं कापड कधी कापायचं नाही, आत दुमडायचं. दोन, ती दुमड नेहमी लाल दोऱ्याने घालायची, कोट कुठल्याही रंगाचा असो.

"अगं, काप की ते," साहेब कुरकुरायचे. "मनगटाशी जाड लागतं. लिहिताना टेबलाला घासतं."

"कापलेलं परत जोडता येतं का? उद्या हा कोट लांब हातांच्या माणसाकडे गेला तर त्याने काय करायचं?"

"आणि लाल दोरा कशाला?"

"उसवताना कळायला नको, माझी शिवण कुठली आणि मूळची कुठली? दुसऱ्याची चांगली शिवण चुकून उसवली तर?"

उद्या हा कोट दुसऱ्याकडे जाणार, हे ती उगाच म्हणत नव्हती. त्यांच्या घरात कपाट एकच, त्याचं दार धड लागायचं नाही, म्हणून तिने पहिल्यापासून ठरवून टाकलं होतं की एक आणायचं तर एक परत द्यायचं. बाजारात जाताना पिशवीत नेहमी एक धुतलेला, इस्त्री केलेला कपडा असायचा. गठ्ठेवालाही त्याला सरावला होता. तो आधी पिशवीकडे बघायचा आणि मग माणसांकडे. त्यामुळे झालं असं, की साहेबांचे जुने कपडे शहरभर फिरत असत. एकदा बाजारात एका हातगाडीवाल्याच्या अंगात साहेबांचा निळा शर्ट निघाला. साहेब संकोचून दुसरीकडे बघू लागले. बायको सरळ त्या माणसाजवळ गेली, "जरा थांबा हं," म्हणाली, आणि त्याची दुमडलेली कॉलर नीट करून परत आली. तो माणूस गाडी धरून बघतच राहिला.

त्या दोघांचं बाजारात भांडण झालं ते एकदाच, आणि ते राखी कोटावरून.

लेक तेव्हा लहान होती, गठ्ठेवाल्याच्या स्टुलाशेजारी बसून बटणं डब्यात टाकत होती. साहेबांना त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा एक कोट मनापासून आवडला होता. मोठ्या चेक्सचा, तपकिरी आणि पिवळा, वर सोनेरी बटणं. असा कोट घालून खिडकीत बसायचं आणि रांगेतल्या माणसांनी बघत राहायचं, एवढं सगळं त्यांच्या मनात तयारही झालं होतं. बायकोने तो कोट दोन बोटांत धरून परत ढिगात टाकला आणि दुसरा काढला. साधा, राखी, एकाही रेघेचा नाही.

"हा."

"हा? यात मी मास्तर दिसेन, तोही चित्रकलेचा."

"दिसा."

"मला तो चेक्सचा हवाय."

"त्यात तुम्ही दिसणार नाही, कोट दिसेल."

"अगं, पण अंगावर मला घालायचाय ना?"

"घालायचा तुम्हाला आहे, पण बघायचा मला आहे," बायको म्हणाली, आणि विषय संपला. गठ्ठेवाल्याने हसू दाबायला तोंड फिरवलं. साहेब घरापर्यंत तिच्यापुढे दोन पावलं चालत राहिले. त्या संध्याकाळी बायकोने लाल दोऱ्याने बाह्या आत घेतल्या आणि ते वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसून राहिले. ते वर्तमानपत्र कालचं होतं, हे लेकीने दाखवून दिलं तेव्हा तिला ओरडाही खावा लागला.

राखी कोट त्यांनी पुढे कित्येक वर्षं घातला, पण नाक मुरडूनच. कुणी चांगला म्हटलं तरी ते "हो, बायकोची आवड," एवढंच म्हणायचे. लेकीला शाळेत पहिल्यांदा सोडायला गेले तो याच कोटात. बाईंच्या समोर पोरगी रडायला लागली आणि तिने त्यांच्या बाहीला जी मिठी मारली ती सोडेना. बाहीवर शेंबडाचा डाग पडला, बायकोने तो काढला, पण साहेब म्हणायचे की नीट बघितलं तर अजून दिसतो. पुढे बसून बसून त्यांचं पोट सुटलं. बायकोने कोटाच्या बाजू जेवढ्या सोडता येतील तेवढ्या सोडल्या, तरी बटण काजापर्यंत पोचेना. मग एका रविवारी राखी कोट पिशवीत गेला आणि त्याच्या बदल्यात एक ऐसपैस तपकिरी कोट आला. "सुटलो बुवा," साहेब म्हणाले. पिशवीत घालण्याआधी बायकोने राखी कोटाच्या खांद्यांवरून एकदा हात फिरवला होता, तो मात्र त्यांनी बघितला होता.

गेल्या वर्षी बायको आजारी पडली आणि उठली नाही. फार दिवस लागले नाहीत, तेवढंच काय ते बरं. शेवटच्या दिवसांतसुद्धा तिची जीभ होती तशीच होती. साहेब उशाशी बसलेले असायचे, शर्टाचं एक बटण चुकीच्या काजात, आणि ती त्यांच्याकडे बघून हसायची.

"माझं एक खरं ठरणार बघा. मी गेले की तुम्ही पहिल्याच रविवारी जाऊन तो चेक्सचा कोट आणणार."

"काहीतरीच बोलू नकोस."

"आणणार. आणि लेकीच्या लग्नात घालणार. लोक म्हणतील, बायको होती तोवर ठीक होतं."

तिच्यामागे साहेब बाजाराकडे फिरकले नाहीत. कपाटातली तिची बाजू तशीच होती. जेवण लेक करायची, ते पुढ्यात बसून घास मोजल्यासारखे जेवायचे आणि अर्ध्यात उठायचे. पोट गेलं, गाल आत गेले, मान कॉलरीत हलायला लागली. शेजारच्या काकू म्हणाल्या, "बरे दिसता हो, तरुण झालात." साहेबांनी त्यांच्याशी बोलणंच टाकलं.

मग लेकीचं लग्न ठरलं. मुलगा चांगला होता, पंपदुरुस्तीचं दुकान होतं त्याचं, बोटांना कायम ग्रीसचा वास. थाटमाट कुणालाच नको होता. कचेरीत जाऊन सह्या करायच्या, दोन्हीकडची चार माणसं, आणि एक फोटो. साहेबांनी त्या दिवसासाठी तपकिरी कोट काढला आणि आरशासमोर चढवला. लेक मागे येऊन उभी राहिली. तिला हसू आलं आणि लगेच तिने ते गिळलं.

"बाबा, यात अजून एक माणूस मावेल."

"थोडा सैल झालाय खरा."

"मी आणते ना नवा. दुकानात तयार मिळतो, माप दिलं की बाहीसुद्धा करून देतात."

"नको."

"अहो, पण..."

"नको म्हटलं ना. मीच आणीन. बाजारातून आणीन, मी एकटा जाऊन."

बोलून गेले खरे. चाळीस वर्षं हात पसरून उभा राहिलेला माणूस, त्याला ढिगात हात कसा घालायचा हेसुद्धा ठाऊक नव्हतं. पण त्यांना दुकानातला नवा कोट नको होता, कारण लेकीच्या शेजारी उभं राहायचं ते तिच्या आईने उभं केलं असतं तसं, हे त्यांनी मनात धरलं होतं. आणि दुसरं म्हणजे, लोकांनी "बायको होती तोवर ठीक होतं" असं म्हणता कामा नये. तिने थट्टेत म्हटलं असेल, साहेबांच्या ते जिव्हारी लागलं होतं.

रविवारी त्यांनी तपकिरी कोट पिशवीत घातला आणि निघाले. शेड होती तशीच होती, पत्रे नवे. गठ्ठेवाला म्हातारा झाला होता पण स्टूल तेच. त्याने आधी पिशवीकडे बघितलं आणि मग साहेबांकडे.

"या साहेब. किती दिवसांनी! आज एकटेच? वहिनी कुठायत?"

"घरी आहे," साहेब म्हणाले. का म्हणाले ते त्यांचं त्यांनाच कळलं नाही. तोंडातून निघून गेलं आणि मग ते परत कसं घ्यायचं ते सुचेना, म्हणून ते घाईघाईने ढिगाशी वाकले.

पुढचा वेळ फार फजितीचा गेला. एक कोट त्यांनी ओढला तर त्याच्यासोबत पाच आले. एकाच्या खिशात हात घातला तर हात थेट अस्तरातून खाली गुडघ्याशी निघाला. एक बायकांचा आहे हे बटणं लावल्यावर कळलं. आणि मग, व्हायचं तेच झालं. ढिगाच्या मध्यात चेक्स दिसले. तपकिरी-पिवळे नव्हते, हिरवट होते, पण चेक्स ते चेक्स, आणि बटणं सोनेरी. साहेबांनी इकडेतिकडे बघितलं. कुणी बघत नव्हतं, म्हणजे गठ्ठेवाला सोडून. त्यांनी तो कोट चढवला आणि खांबाला टांगलेल्या आरशासमोर गेले.

आरशात कोट होता. फार मोठा, फार हिरवा कोट होता, आणि त्याच्या वर कुठेतरी एक म्हातारा चेहरा ठेवलेला होता. बाह्यांमधून बोटांची टोकं तेवढी दिसत होती. साहेब स्वतःकडे बघत राहिले आणि मग त्यांना इतक्या वर्षांत पहिल्यांदा कळलं की ती काय म्हणत होती. त्यांनी कोट काढला, नीट घडी घातली आणि ढिगात ठेवून दिला.

त्यानंतर ते घाई न करता बसले. जमिनीवरच बसले. आणि तिची पद्धत आठवून एकेक कोट आधी उलटा करू लागले. बगल ओढायची. खिशाचा तळ बघायचा. कॉलरला नख लावायचं. हाताला आपोआप काही येईना, आठवून आठवून करावं लागत होतं. बरेच कोट बाजूला पडले. मग एक गडद निळा हाती आला, रंगाऱ्याच्या पिंपातून निघालेला, हे तर उघडच होतं. पण बगल घट्ट होती, खिसे धड होते, कापड बोटांत धरलं की जड आणि मऊ लागत होतं. बटणं काळी, साधी. ते उठले आणि कोट अंगात घातला.

खांदे जागच्या जागी बसले. हात खाली सोडले तर बाही आली आणि मनगटाच्या हाडावर थांबली. साहेबांनी हात वर केला, परत खाली सोडला. परत तिथेच थांबली. त्यांच्या सगळ्या हयातीत दुकानातल्या, बाजारातल्या, उसन्या आणलेल्या कुठल्याही कोटाची बाही त्यांच्या मनगटावर आपणहून थांबली नव्हती. त्यांनी गठ्ठेवाल्याकडे वळून दोन्ही हात पुढे केले, एखाद्या पोराने धुतलेले हात आईला दाखवावेत तसे.

"बघा! बाही बघा! न आवळता न दुमडता! माझ्यासारखा आखूड हातांचा आणखी कुणीतरी आहे म्हणायचा या जगात."

"बसलाय खरा झकास."

"कंबरेत जरा सैल आहे, तेवढं चालेल. आता हा घरी नेऊन तिला दाख..."

ते तिथेच थांबले. कोटाच्या बाह्यांत त्यांचे हात तसेच पुढे धरलेले राहिले.

"नाही हो," ते म्हणाले. "ती नाही राहिली. गेल्या वर्षीच गेली. मघाशी मी उगाच म्हटलं तसं."

गठ्ठेवाला स्टुलावरून उठला. त्याने साहेबांची पिशवी घेतली, त्यातून तपकिरी कोट काढला आणि आपल्या बाजूला ठेवला.

"मला मघाशीच आलं होतं ध्यानात," तो म्हणाला. "वहिनी असत्या तर तो हिरवा कोट तुमच्या अंगापर्यंत पोचलाच नसता."

साहेब हसले, आणि हसता हसता त्यांना डोळे पुसावे लागले. निळ्या बाहीनेच पुसले.

घरी येताना मात्र त्यांची चाल बदलली होती. कोट अंगातच होता, पिशवी रिकामी. आज कुणीही बरोबर नसताना, कुणीही न सांगता, ढिगातून कोट काढून आणला होता, आणि तो चेक्सचा नव्हता. शेजारच्या काकू दारात दिसल्या तर साहेब आपणहून थांबले, अबोला सोडला, आणि "कसा वाटतो?" असं विचारून टाकलं. काकू चांगला म्हणाल्या. "मी निवडला," साहेब म्हणाले. घरात शिरल्यावर लेकीलाही तेच. लेकीने त्यांना गोल फिरवलं, मागून बघितलं, पुढून बघितलं, आणि तिचा चेहरा उजळला.

"बाबा! कमालच केलीत."

"मग? तुला काय वाटलं?"

"मला वाटलं तुम्ही चेक्सचा आणणार."

"छे," साहेब म्हणाले आणि खिडकीबाहेर बघू लागले.

दुपारी लेक कोट घेऊन शिवणाच्या मशीनपाशी बसली. कंबरेत दोन्ही बाजूंनी थोडं आत घ्यायचं होतं, आणि डाव्या बाहीच्या टोकाशी अस्तराचे दोन टाके निघाले होते. साहेब समोर आरामखुर्चीत बसून गठ्ठेवाल्याने काय म्हटलं, आपण बगल कशी ओढून बघितली, हे तिसऱ्यांदा सांगत होते. सांगता सांगता त्यांच्या लक्षात आलं की लेक हुंकार देत नाहीये. तिने बाही उलटी करून मांडीवर घेतली होती आणि ती नुसती बघत होती.

"काय गं? फाटलाय का?"

"बाबा, इकडे या."

"अगं पण काय झालं?"

"या तर."

साहेब उठून गेले. लेकीने बाहीची कड त्यांच्या पुढे धरली. अस्तर बाजूला केलेलं होतं आणि आत चांगली चार बोटं कापड दुमडलेलं होतं, न कापता. दुमडीच्या कडेने टाके घातलेले होते. सगळा कोट पिंपातून निळा होऊन आला होता, पण तो दोरा निळा झाला नव्हता. तो लाल होता. लेकीने बोटाने घडी थोडी उघडली. घडीच्या आत रंग पोचलाच नव्हता. तिथे कापड राखी होतं.

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग खाली वाकून ते टाके बोटाने चाचपले. सारखे, बारीक, तिरके. असे टाके त्यांनी आयुष्यभर रोज मनगटाशी बाळगले होते आणि जाड लागतात म्हणून रोज कुरकुर केली होती.

ते खुर्चीत परत बसले ते एकदम बसले.

"म्हणजे हाही तिनेच निवडला," ते म्हणाले. त्यांचा चेहरा पडला होता. "मी वेडा, सगळ्यांना सांगत सुटलो. काकूंना सांगितलं. अगं, गठ्ठेवाल्याला म्हटलं मी, माझ्यासारखा आखूड हातांचा आणखी कुणीतरी आहे म्हणून."

लेकीला हसू आवरेना. तोंडावर हात धरून ती हसत होती आणि डोळ्यांतून पाणी चाललं होतं. साहेबांनी आधी तिच्याकडे रागाने बघितलं. मग त्यांनाही राहवेना.

"आखूड हातांचा माणूस," ते म्हणाले. "बरोबर. मीच तो."

हसण्याचा भर ओसरल्यावर लेक उठून त्यांच्या खुर्चीच्या हातावर येऊन बसली. लहानपणी बसायची तशी.

"बाबा, एक सांगू? तेव्हा आईने निवडला होता आणि तुम्ही भांडला होता. मी होते तिथे, बटणं डब्यात टाकत. आज तर आई नव्हती ना? एवढ्या ढिगातून तुम्हीच काढलात. हिरवा घातलात, काढून ठेवलात, आणि हा घेतलात."

साहेबांनी कोट मांडीवर ओढून घेतला आणि त्याच्या खांद्यांवरून हात फिरवला. बायकोने फिरवला होता तसा.

"तिला म्हणायला हवं होतं गं एकदा," ते म्हणाले. "चांगला आहे म्हणून. इतकी वर्षं घातला, एकदाही म्हटलं नाही. आवडायचा मला तो. शाळेत तू बाही धरलीस ना, तेव्हापासून आवडायचा. पण भांडून घेतलेला, कबूल कसं करायचं?"

"तिला ठाऊक असणार, बाबा."

"ठाऊक असणारच. तिला सगळंच ठाऊक असायचं. म्हणून काय म्हणायचं नसतं?"

लेक उठली, डोळे पुसले आणि परत मशीनपाशी बसली. कंबर आत घेतली, जास्तीचं कापड न कापता दुमडलं. मग डब्यातून गडद निळं रीळ काढून ती कोटाच्या रंगाला लावून बघू लागली.

"लाल घे," साहेब म्हणाले.

"अहो, निळ्यावर लाल कसं दिसेल?"

"आतून कोण बघतंय? आणि बघितलंच कुणी पुढे कधी, तर उसवताना कळू दे शिवण कुणाची आहे ती."

लेकीने निळं रीळ ठेवून दिलं. आईच्या डब्यात तळाशी लाल रीळ होतं, थोडंच उरलेलं, पण पुरलं.

लग्नाच्या दिवशी कचेरीच्या पायऱ्यांवर फोटो काढायला सगळे उभे राहिले. साहेब लेकीच्या शेजारी. खांदे चापून बसलेले, बाही मनगटावर, हात सरळ खाली सोडलेले. जावयाचे वडील मधूनमधून त्यांच्याकडे बघत होते. ते स्वतः नव्याकोऱ्या कोटात होते आणि गळ्याशी बोट घालून कॉलर सैल करत होते. शेवटी त्यांना राहवलं नाही.

"कोट मोठा सुरेख आहे हो तुमचा. कुठून घेतलात?"

लेकीने बापाकडे बघितलं. साहेबांनी उजव्या हाताचा अंगठा डाव्या बाहीच्या आत घातला, जिथे जाड लागायचं तिथे, आणि तसाच धरून ठेवला.

"कुठून नाही," ते म्हणाले. "घरचाच आहे."